मध्यस्थाची भाषा

आमच्या डाळजकडे बांधाचं भांडण मिटवायला कुणाला बसवायचं, हे ठरवताना एक साधी गोष्ट बघतात. त्याला दोन्ही घरांत चहा मिळतो का? तो कुणाचा भाऊबंद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानं ते लपवावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो मला असे मध्यस्थ वाटतात. २५ जुलै २०२४ला ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीत ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द खूपदा वाचला. शब्द चांगलाच आहे, पण वापरून वापरून गुळगुळीत झालाय. सगळे धर्म सारखेच म्हटलं की दुसऱ्याचं काही वाचायची गरजच उरत नाही!

फादरांनी उलटं केलं. ते शेवटपर्यंत कॅथलिक धर्मगुरू राहिले आणि आपली श्रद्धा शेजाऱ्याला कळेल अशा मराठीत सांगत राहिले. ‘सुबोध बायबल’ हे त्याचंच फळ. त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, ते केवळ चर्चपुरतं ठेवलं नाही. ‘हरित वसई’च्या लढ्यात पाणी आणि हिरवाई वाचवायला ते उतरले. तिथे कोण कुठल्या धर्माचा हा प्रश्नच नव्हता. आणि इस्रायल-पॅलेस्टाईनसारख्या विषयावर त्यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ लिहिलं. मुत्सद्देगिरी फक्त दिल्लीतल्या कचेऱ्यांत होते असं थोडंच आहे? मराठी वाचकाला त्या भांडणाच्या सगळ्या बाजू समजावून सांगणं, हेही त्यातलंच काम.

२०१९ साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणून विरोध झाला. विरोधकांना शंका होती ती धर्मांतराची. शंका विचारायला हरकत नाही. पण लेखकाला त्याच्या लेखनावरून जोखावं ना? फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ला छापलं गेलं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांना वगळून मराठी साहित्याचा इतिहास सांगता येतो का? मराठी ही कुणा एकाच्या सातबाऱ्यावरची जमीन नव्हे.

जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३वं संमेलन झालं. पाठदुखीनं बेजार असतानाही फादर तिथे गेले आणि विचारस्वातंत्र्यावर स्पष्ट बोलले. संवाद करणारा माणूस गुळमुळीत असतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

लिहिणाऱ्या आपणा सगळ्यांचे ते ज्येष्ठ सहकारी. माझ्यापुरतं म्हणाल, तर त्यांना हार घालण्यापेक्षा त्यांची सवय उचलावी. घरात गाथा असेल, तर शेजारी ‘सुबोध बायबल’ ठेवा, कुराणाचा मराठी अनुवादही ठेवा. नुसते ठेवू नका, वाचा. पटलं नाही तर वाद घाला, पण वाचून घाला. वाचून झालेल्या वादात निदान दुसऱ्याचं म्हणणं तरी कानावर पडलेलं असतं.