३१ मार्चची रात्र, १ मेची सकाळ

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एखाद्या वर्षी दिवाळीची तारीख आठवणार नाही, पण ३१ मार्च तो कधी विसरत नाही. आमच्या शाखेकडे सरकारी कामकाज होते. त्या दिवशी काउंटर रात्री उशिरापर्यंत उघडे राही. दुपार टळली की निरनिराळ्या कार्यालयांचे कारकून आणि शिपाई बिलांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभे राहात. कुणाची कपाटे, कुणाच्या सतरंज्या, कुणाच्या खुर्च्या! वर्षभर ज्या वस्तूंवाचून कुणाचे अडले नव्हते, त्यांची निकड अशी एका संध्याकाळी सगळ्यांना एकदम भासे.

एकदा मी एका ओळखीच्या कारकुनाला विचारले, "अहो, अकरा महिने काय करत होतात?" तो हसला. म्हणाला, "साहेब, खर्च झाला नाही तर निधी लॅप्स होतो. आणि यंदा उरला म्हटलं की पुढच्या वर्षी कमी मिळतो." माणूस सचोटीचा होता. पैसा त्याच्या खिशात जात नव्हता. पण बचत करणाऱ्यालाच शिक्षा देणाऱ्या रीतीने त्यालाही उधळा करून टाकले होते. महिनाअखेरीला वाणसामानातून दोनशे रुपये उरले, तर आपल्या घरातली बाई ते डब्यात ठेवते. ते संपवायला म्हणून बाजारात धावत नाही. सरकारच्या घरी मात्र हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचे असते.

त्याच मार्च महिन्यात आमच्या गावात घरपट्टीची वसुली चाले. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीबोळांतून फिरे. माझी चुलती दुधाचे पैसे गाठीला बांधून ग्रामपंचायतीत जाई, पावती घेई आणि ती ट्रंकेत लुगड्याखाली जपून ठेवी. मी एकदा विचारले, "काकू, या पैशांचं पुढं काय होतं?" ती म्हणाली, "मला रं काय ठावं? आपलं देणं आपण दिऊन टाकावं."

एकीकडे देणं दिल्यावर मोकळी झालेली काकू आणि दुसरीकडे दिलेले संपवायला निघालेला कारकून. या दोघांची गाठ कधी पडत नाही, हे आपल्या सार्वजनिक पैशाचे खरे दुखणे आहे.

कर कमी करा, अशी मागणी आपल्याकडे झालीच नाही असे नाही. जकातीविरुद्ध राज्यातले व्यापारी वर्षानुवर्षे झगडले. गावाच्या वेशीवर नाका, नाक्यावर मालमोटारींची रांग आणि रांगेत चिरीमिरी, हे दृश्य जुन्या वाचकांना आठवत असेल. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. मुंबईची २०१७ मध्ये, वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. नाके उठले हे चांगलेच झाले. पण छोट्या शहरांच्या तिजोरीत त्या जागी सरकारी अनुदान येऊ लागले आणि एक गोष्ट गुपचूप बदलली. पैसा जिकडून येतो तिकडे कारभाऱ्याचे तोंड असते. ते पूर्वी थोडेफार तरी बाजारपेठेकडे होते. ते मंत्रालयाकडे वळले. आणि पैसा मुंबईहून येतो म्हटल्यावर नागरिकही हिशेब मागेनासे झाले.

याच्या उलट एक उदाहरण माझ्या पगारपत्रकात होते. १९७२च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. गावची माणसे खडी फोडायला जात, पोरांना सुकडी मिळे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दुष्काळाने बळ दिले आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी दिलेला हा कर. मी तो कधी कुरकुर न करता भरला, कारण त्या रुपयाचा पत्ता मला ठाऊक होता. पुढे २००६ पासून केंद्राच्या कायद्याने मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. पगारपत्रकातली ती ओळ मात्र कायम आहे, वर्षाला अडीच हजारांपर्यंत. त्या रुपयाचा पत्ता आज किती नोकरदारांना सांगता येईल?

कुणी म्हणेल, आमचा धाराशिव जिल्हा पडला अवर्षणाचा. आम्हाला सरकारकडून जास्त हवे, करकपातीची चैन शहरवाल्यांनी करावी. पण गरीब कर भरत नाही हा समजच खोटा आहे. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तो भरतोच. साबण, बिस्किटांवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा आजवर आपण किती देत होतो हे अनेकांना कळले. या कराची पावती काकूच्या ट्रंकेत नाही, एवढेच. आणि उधळपट्टीचा फटकाही आधी तिलाच बसतो. कपाटांवर गेलेला रुपया तिच्या वाडीच्या रस्त्याला उरत नाही.

हिशेब मागणे आपल्या लोकांना जमत नाही, असेही म्हणू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरे दुरुस्त करण्याचा मोठा कार्यक्रम झाला. घरमालकाला बँकेच्या खात्यात हप्त्याहप्त्याने पैसे मिळत. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया तेव्हा 'संवाद सहायक' झाल्या. सिमेंट किती, वाळू किती, हप्ता का अडला, हे त्या इंजिनिअरला विचारू लागल्या. त्यांतल्या कितीकींनी त्याआधी बँकेची पायरीही चढलेली नसेल. पैसा आपला आहे हे उमगले, की प्रश्न आपोआप सुचतात.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत, म्हणजे बहुधा १ मेच्या, पंचायतीने मागील वर्षाचे हिशेबपत्रक, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडावेत, असे महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार आहे. शहरवासीयाने दहा रुपये भरून अर्ज केला, तर नगरपरिषदेची बिलेही पाहता येतात. पण १ मेच्या सकाळी झेंडावंदन उरकले की माणसे पांगतात. सभेला गणपूर्तीपुरती डोकी जमणेही मुश्किल होते. कागद वाचला जातो. ऐकत कुणी नसते.

करकपातीची खरी चळवळ या रिकाम्या सतरंजीवर सुरू व्हायला हवी. वाचलेला प्रत्येक रुपया हीच न मागता मिळालेली करकपात. त्यासाठी मोर्चा नको, पुढारी नको. परीक्षा संपून मुले घरी असतील. त्यांना घेऊन सभेला जा. हिशेबपत्रक मागा. जमेच्या बाजूला आपली घरपट्टी शोधा, खर्चाच्या बाजूला मार्चमधली खरेदी पाहा, आणि फक्त एक प्रश्न विचारा: ही वस्तू आता कुठे आहे?

काकू आता नाही. तिची ट्रंक माझ्याकडे आहे आणि घरपट्टीच्या पावत्या अजून तिच्यात तशाच आहेत, एकही वर्ष न चुकता. तिने तिचे देणे दिले. विचारायचे तेवढे आपल्यावर राहिले आहे.