दोन ‘ने’ आणि दोन कर्जत

‘प्रथमा, द्वितीया, तृतीया’ ही घोकंपट्टी तुम्हाला नकोशी वाटते, यात तुमचा दोष फारसा नाही. विभक्तीचा तक्ता पाठ करायचा, वाक्यातील पदे ‘चालवायची’ आणि गुण पदरात पाडून घ्यायचे, एवढ्यावर आपल्याकडे व्याकरण संपते. माझा विषय भौतिकी. तरीही माझे मत असे की, व्याकरणाचा तास हा विज्ञानाचाच तास आहे आणि तो तसाच शिकवला पाहिजे.

एक साधे वाक्य घ्या : ‘गणूने दगडाने कैरी पाडली.’ येथे ‘ने’ दोनदा आला आहे. विभक्ती एकच, तृतीया. पण गणू हा पाडणारा आणि दगड हे पाडण्याचे साधन. शिवाय क्रियापद गणूकडे ढुंकूनही पाहत नाही! कैरीऐवजी आंबा घातला की ‘पाडली’चे ‘पाडला’ होते. गणूऐवजी गंगू आली तरी काहीच बदलत नाही. क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलते तोच कर्ता, असे मानणारे यंत्र कैरीलाच कर्ता ठरवील. शब्दाचे रूप ही विभक्ती. त्याचे क्रियेशी असलेले नाते हे कारक. हा भेद पाणिनीने इसवी सनाच्या कित्येक शतके आधी ओळखला होता. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी 1911 साली आपल्या ग्रंथाला ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ असे नाव दिले, ते उगीच नव्हे.

आता कागदाच्या मध्यभागी ‘पाडणे’ लिहा आणि तीन बाण काढा : कर्ता गणू, कर्म कैरी, करण दगड. संगणकशास्त्रात ज्याला ‘नॉलेज ग्राफ’ म्हणतात, ते ज्ञानाचे जाळे याच घाटाचे असते. गूगलने 2012 साली आपल्या शोधयंत्राला असे जाळे जोडले.

बाण काढणे सोपे. त्यांवरून अनुमान काढताना मात्र तर्कशास्त्र लागते. ‘काळवीट ही प्राण्यांची एक जात आहे. समोरचा प्राणी काळवीट आहे. म्हणून समोरचा प्राणी ही एक जात आहे!’ व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही वाक्ये निर्दोष, पण निष्कर्ष हास्यास्पद. कारण ‘आहे’ हा शब्द एकच असला तरी नाती निरनिराळी आहेत. जर्मन गणिती फ्रेग याने 1879 साली तर्कासाठी स्वतंत्र चिन्हलिपी रचली, ती भाषेतील असल्या चकव्यांतून सुटण्यासाठीच.

आमच्या गावाचेच पाहा. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य कर्जत तालुक्यात आहे. कर्जत तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. म्हणून अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अनुमान बिनचूक. पण दुसरे कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, मुंबई-पुणे लोहमार्गावरचे. यंत्राने दोन्ही कर्जत एकच धरले, तर आमची काळविटे थेट बोरघाटाच्या पायथ्याशी चरू लागतील! म्हणून विकिडेटासारख्या जाळ्यात प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक असतो. उलट, 2024 साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेथे नावे दोन, पण जिल्हा एकच, हे सांगावे लागते. नाहीतर जुन्या पुस्तकांतील माहिती अधांतरी राहते.

कोणी म्हणेल, आजची बोलकी यंत्रे व्याकरणाचा एकही नियम न शिकवता उत्तम मराठी लिहितात. खरे आहे, अफाट मजकुरावरून ती भाषेच्या सवयी उचलतात. पण सफाईदार वाक्य आणि खरे वाक्य एकच नव्हे. यंत्राचे उत्तर तपासणाऱ्याला कोणाचे कोणाशी काय नाते सांगितले आहे, हे उलगडता आलेच पाहिजे.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे : ‘विभक्ती ओळखा’ एवढेच न विचारता वाक्याचे बाण काढायला लावा आणि त्यावरून काय सिद्ध होते, काय होत नाही, तेही विचारा. याचा उपयोग माझ्याही विषयाला होईल. मोटारीचा वेग ताशी 40 किलोमीटर होता. तो ‘60 किलोमीटरने वाढला’ आणि ‘60 किलोमीटरपर्यंत वाढला’ यांत सूत्र कोठेच बदलत नाही. बदलतो तो एक प्रत्यय, आणि उत्तर 100 ऐवजी 60 येते.