डोळे वटारून कॉफी!

पँट्रीतल्या डब्यात कॉफीचे पैसे टाकता का? विचारलं तर सगळेच म्हणतील, ‘ऑफकोर्स!’ खरं कळायला न सांगता बघावं लागतं. इंग्लंडच्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र विभागाच्याच कॉफीरूममध्ये संशोधकांनी हेच केलं. दरपत्रकावर एक आठवडा फुलांचं चित्र, पुढचा आठवडा रोखून बघणारे डोळे. असे दहा आठवडे. दूध किती संपलं आणि पैसे किती जमले, एवढंच मोजलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळपास तिप्पट गल्ला! हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासांत असा परिणाम दर वेळी दिसला नाही, हेही खरं. पण बॉस केबिनबाहेर येताच एक्सेल शीट उघडणाऱ्यांना मुद्दा कळला असेल. आपली खरी ओळख? फुलांच्या आठवड्यातली!