मुलचेऱ्याच्या वाट्याला काय?

गडचिरोली जिल्ह्याच्या भरभराटीची वार्ता अलीकडे वारंवार कानी पडते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून नेटाने सुरू झाले. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे लोहप्रकल्पही उभा राहिला. ही संपत्ती खरी आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु खनिजाने लादलेल्या मालमोटारी ज्या आलापल्ली-आष्टी रस्त्याने धावल्या, त्या रस्त्यावरचे लगाम हे गाव मुलचेरा तालुक्यातील आहे. धूळ आणि खड्डे तालुक्याच्या पदरी पडले. दुसरे काय पडले, हे विचारण्याचा त्यास अधिकार नाही काय?

मुलचेऱ्याची जमाखर्चाची वही निराळी आहे. पावसावर येणारे धानाचे एक पीक, वेचलेला मोह आणि उन्हाळ्यातील तेंदूपत्ता, एवढ्यावर आदिवासींचा संसार चालतो. पूर्व पाकिस्तानातून आलेली व १९६० नंतरच्या दशकात येथे वसविलेली बंगाली कुटुंबेही धानावरच उभी आहेत. या दोन्ही समाजांचे उत्पन्न वाढल्यावाचून जिल्हा वाढला असे म्हणणे म्हणजे रोपवाटिका सोडून गोदामाची उंची मोजणे होय.

उत्पन्न वाढते कसे, याचा धडा याच जिल्ह्याने घालून दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबूच्या वाहतुकीचा परवाना हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला! कायदा होऊनही अडथळा होता तो शिक्क्याचा. शिक्का ग्रामसभेच्या हाती येताच मोलाचा बोलही तिच्या हाती आला. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करण्यास आरंभ केला. सत्तर पानांच्या पुडक्याचा भाव गावाने ठरवावा, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ठेकेदाराने रक्कम थकविली तर दाद कोठे मागावी, हे त्या गावांस कोणी नीट सांगितलेले नाही. लिलावाचे स्वातंत्र्य देऊन वसुलीचे ओझे एकट्या गावावर टाकणे यास आम्ही स्वायत्तता म्हणत नाही.

पैशाचा प्रश्न पुढे करण्यात येईल. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, त्यापूर्वीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा करावी लागते, आणि सुरजागडचा मूळ पट्टा २००७ चा आहे. सभागृहे व प्रवेशद्वारे बांधण्याचा मोह आवरून या निधीतून मुलचेऱ्यात तेंदूपत्त्यासाठी कोरडी गोदामे, धानाच्या भरडाईची गिरणी आणि दुसऱ्या पिकापुरते पाणी उभे करावे. लिलावापूर्वी ठेकेदाराची अनामत बँकेत ठेवून घेण्याचा नियम जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या तेंदू हंगामाआधीच घालून द्यावा. त्यासाठी तर पैसाही लागत नाही.