फॉरमॅट मारू का?

या आठवड्यात ‘फॉरमॅट मारू का?’ हा प्रश्न मला तिघांनी विचारला. दोन दुकानदार आणि तिसरा माझा सख्खा भाचा. लॅपटॉप हातात येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. तो कोणाचा, त्यात काय आहे, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज हे लिहिते आहे.

लॅपटॉप माझ्या वाईच्या आत्याचा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी, २०१२ साली, तिनं तो घेतला. आता गोधडीत गुंडाळून, वरून सुतळी बांधून, शेजारच्या मुलाबरोबर एसटीनं पुण्याला पाठवला. सोबत चिठ्ठी होती : ‘सुरू होतो. ढोल्या गणपतीचा फोटो येतो, खाली घड्याळ येतं, मग दोन मिनिटांत त्याची दातखीळ बसते.’

आपण ज्याला ‘हँग होतो’ म्हणून मोकळे होतो, त्याचं इतकं नेमकं लक्षण मी याआधी ऐकलं नव्हतं. सुरू होतो, म्हणजे वीज आणि पडदा ठीक. फोटो आणि घड्याळ दिसतं, म्हणजे विंडोज बरीचशी वाट चालून येतं. दातखीळ बसते ती त्यानंतर, आणि दर वेळी साधारण त्याच सुमाराला. एवढं कळल्यावर कुठे शोधायचं ते निम्मं ठरतं. पण ती चिठ्ठी मी काउंटरवर ठेवली तेव्हा पहिल्या दुकानात कोणी वाचलीसुद्धा नाही. “जुना आहे, फॉरमॅट मारू का? दोन तासांत देतो.”

आता जुना म्हणजे किती, ते सांगून टाकते. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज सेव्हन होतं, २०१६मध्ये मोफत मिळत होतं म्हणून विंडोज टेन चढवलं. त्या विंडोज टेनचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, ते यात नाही. त्यामुळे दुसऱ्या दुकानात फॉरमॅटच्या प्रश्नापाठोपाठ ‘नाहीतर भंगारात द्या’ हेही ऐकलं. पण पाठिंबा संपला म्हणून यंत्र थिजत नाही. सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे मिळत नाहीत, इंटरनेटला जोडताना जपायला हवं, इतकाच त्याचा अर्थ. आत्या त्यावर बँकेचे व्यवहार करत नाही. ती त्यावर लिहिते.

दुकानदारांची अडचण मला कळते. फॉरमॅटला दोन तास लागतात आणि त्याचे पैसे मिळतात. दोष शोधायला दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पण मग ‘आत काय आहे?’ एवढं तरी विचारावं. शिंपीसुद्धा जुना कोट उसवायच्या आधी खिसे चाचपतो.

घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, पण त्याच्या बोटांना घाई आहे. “मावशी, मी आत्ता करून देतो, विंडोजचा पेनड्राइव्ह आहे माझ्याकडे.” त्याला म्हटलं, आधी नुसतं बघू या.

बघितलं. गणपती आला, घड्याळ आलं, निळं कडं गरगरायला लागलं. दीड मिनिटानं माउसचा बाण जागच्या जागी थांबला. तेव्हा कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहिलं. हा उपाय साधा आहे, कोणालाही करता येतो. दिवा लागला-विझला तर यंत्र आतून जिवंत आहे, कशात तरी गुंतलंय. दिवा हललाच नाही तर पार थिजलंय. आत्याच्या लॅपटॉपचा दिवा बटण दाबल्यावर चांगल्या वीस-पंचवीस सेकंदांनी लागला. म्हणजे जीव होता, कोणाची तरी वाट बघत अडकला होता. शेजारी हार्ड डिस्कचा दिवा होता, तो मात्र लुकलुकायचा सोडून अखंड जळत होता. भाच्यानं कान लावला आणि म्हणाला, “मावशी, आत टक-टक होतंय.”

बटण दाबून धरून बंद केला. पुन्हा सुरू करून पासवर्डच्या पडद्यावरच शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं आणि पर्यायांमधून सेफ मोड निवडला. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टी घेऊन उठतं. बाकी वऱ्हाड बाहेर. तिथे दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, दातखीळ बसली नाही. भाचा खूश झाला, “म्हणजे हार्डवेअर चांगलं आहे, सॉफ्टवेअरचाच घोळ!” आणि खरोखर, सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली तर तिथे गर्दीच होती. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, कधीच्या काळच्या मोबाइलचा प्रोग्रॅम, आणि एक सोडून दोन अँटिव्हायरस, त्यातल्या एकाची मुदत केव्हाच संपलेली. दोन पहारेकरी प्रत्येक फाइल दोनदा तपासणार, आणि एकमेकांनाही तपासणार. नुसत्या यानंसुद्धा जुना लॅपटॉप गुडघे टेकतो.

पण ते काढत बसायच्या आधी मी पेनड्राइव्ह लावला आणि आत्याच्या फायली उतरवायला घेतल्या. साठेक फायली भराभर आल्या आणि एका फायलीवर सगळं अडलं. दिवा पुन्हा अखंड जळायला लागला. टक, टक, टक. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला जमलं तेव्हा त्यात लाल खुणांची रांग होती : स्रोत ‘डिस्क’, क्रमांक ७, म्हणजे डिस्कवरचा भाग खराब झालाय, वाचता येत नाही.

त्या दोन मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. फिरत्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, आणि वाचणारं टोक तिच्या पृष्ठभागाला न टेकता, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावरून तरंगत जातं. एखादी जागा वाचता आली नाही की डिस्क हार मानत नाही, तिथेच पुन्हा पुन्हा वाचायला जाते. रेशनच्या दुकानात एका म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीनवर उमटेना झाला की मागची सगळी रांग जशी खोळंबते, तसं मागचं सगळं काम खोळंबतं. घड्याळ दिसल्यानंतरच्या त्या दोन मिनिटांत अँटिव्हायरस, शोधासाठीची सूची, अपडेट सगळे एकदम डिस्कवर तुटून पडतात आणि त्यातला कोणी ना कोणी त्या सडक्या जागेवर पाय देतो. सेफ मोडमध्ये यातले बहुतेक जण आलेलेच नसतात, म्हणून तिथे सगळं आलबेल वाटलं. त्या वेळी फॉरमॅट मारला असता तर कदाचित लॅपटॉप महिनाभर चाललाही असता. दुकानदाराचं काम चोख झालं असतं, आणि आत्याचं सगळं गेलं असतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. डिस्क अशी आजारी असताना ‘चेक डिस्क’ची दुरुस्तीही लावू नये. ती सगळी तबकडी खरवडून काढते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढे श्रम झेपतीलच असं नाही. आधी प्रत काढावी. आम्ही लॅपटॉप लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू केला, म्हणजे विंडोजला उठवायचीच गरज नाही, आणि डीडी-रेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. ओल लागलेली पोथी जाणता माणूस जशी वाचतो तसा तो वाचतो. जे सहज वाचता येतं ते सगळं आधी उतरवून घेतो, चिकटलेल्या पानांपाशी थांबत नाही, आणि शेवटी परत येऊन एकेक पान हलक्या हातानं सोडवायला बघतो. दीड दिवस लागला. भाचा रात्री दोनदा उठून बघून गेला. फॉरमॅटचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही माझ्या संगणकावर पहिली फाइल उघडली आणि दोघंही गप्प झालो. मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं, असं पानभर. भाचा म्हणाला, “करप्ट झाली.” झाली नव्हती. माझ्या वयाच्या, नव्वदच्या दशकात मराठी मजकूर हाताळलेल्या कोणालाही ते पान बघताच ओळखू आलं असतं.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली, पण घराघरांतल्या संगणकांवर ती सर्रास यायला आणखी पंधरा वर्षं जावी लागली. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला, तोवर मराठी छापखाने आणि कचेऱ्या श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांच्या जोरावर चालत होत्या, आणि त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. त्यांनी मराठीला संगणकावर आणलं, हे ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या बहुतेक फायलींमध्ये ‘क’ साठवलेला नसतो. एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चं चित्र काढून दाखवतो. प्रत्येक फॉन्टाची सांकेतिक लिपी वेगळी. फॉन्ट नसला की मागे उरतं ते हे असं भरताड. आत्यानं तरुणपणी मराठी टायपिंगच्या ३०च्या आणि ४०च्या परीक्षा दिलेल्या. तिच्या बोटांना टाइपरायटरची मांडणी पाठ, म्हणून ती आजवर त्या जुन्या फॉन्टातच लिहीत राहिली.

आणि तो फॉन्ट कुठे होता? डॉक्युमेंट्समध्ये नव्हे, डेस्कटॉपवर नव्हे. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, फॉन्ट्स नावाच्या पोटफोल्डरात. ‘डेटा काढून ठेवू का?’ असं विचारणारा भला दुकानदार जरी भेटला असता, तरी त्यानं डॉक्युमेंट्स, फोटो आणि डाउनलोड्स काढून ठेवले असते आणि फॉन्ट्सचं फोल्डर पुसून टाकलं असतं. फायली वाचल्या असत्या, मजकूर नाही. ज्यांच्या घरी २०१०च्या आधीचं काही मराठी लेखन असेल, दिवाळी अंकाला पाठवलेली कथा, संस्थेचे अहवाल, वडिलांच्या आठवणी, त्यांनी जुना लॅपटॉप कोणाच्याही हाती देण्याआधी ते फोल्डर कृपा करून उतरवून घ्यावं. ते काम पाच मिनिटांचं आहे.

आम्हाला तो फॉन्ट मिळाला. बसवला, आणि पान मराठी झालं.

ओव्या होत्या. जात्यावरच्या ओव्या. १९९६पासून दहा-बारा वर्षं, शाळा सुटल्यावर आणि मे महिन्यात, आत्या वाईच्या आसपासच्या गावांत जाऊन बायकांकडून त्या लिहून घेत होती. हे काम मराठीत थोर माणसांनी केलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आज त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. आत्याचं काम त्यापुढे मूठभर. पण तिच्या मुठीत जे होतं ते तिच्या गल्लीतलं, तिच्या विद्यार्थ्यांच्या आयांचं आणि आज्यांचं होतं. प्रत्येक फायलीला गावाचं नाव. प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव, माहेर, सासर. एकीच्या नावापुढे आत्यानं कंसात लिहिलंय, ‘नातवाला मांडीवर घेऊन म्हटली.’ मूळ वह्या माळ्यावर वाळवीनं खाल्ल्या हे मला माहीत होतं. लॅपटॉपातल्या फायलींखेरीज दुसरी प्रत नव्हती हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि दुकानातला तो प्रश्न आठवून अंगावर काटा आला.

त्यानंतरचे तीन दिवस युनिकोडात गेले. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर सोडून चालत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार हरवतात. भाचा एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा, मी दुरुस्त करायची. त्याला निम्मे शब्द माहीत नव्हते. ‘उखळ’ कळलं, ‘आळं’ कळलं नाही, ‘खुंटा’ कळला पण तो जात्याला कशाला असतो ते कळलं नाही. मग आम्ही थांबत थांबत वाचलं.

लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी घातली, विंडोज नव्यानं बसवलं, युनिकोडसाठी टाइपरायटरच्याच मांडणीचा कीबोर्ड दिला. आता चाळीस सेकंदांत गणपती येतो आणि दातखीळ बसत नाही. ओव्यांच्या तीन प्रती झाल्या, तीन वेगळ्या घरांत.

दोन फायली मात्र आल्या नाहीत. नावं दिसतात, आत काही नाही. त्या नेमक्या सडक्या जागेवर होत्या. ते सांगायला आत्याला फोन केला.

“कुठल्या गं?”

“एक पसरणीची आहे. दुसरी मेणवली, दोन.”

ती बराच वेळ बोलली नाही. “पसरणीच्या तिघी होत्या. तिघीही गेल्या.” मग म्हणाली, “मेणवलीची आहे अजून. ऐकू येत नाही तिला, पण म्हणायला लागली की थांबत नाही. गुरुवारी जाऊन येते. लॅपटॉप बुधवारच्या आत पाठव, आणि गोधडीतच गुंडाळून पाठव.”