मेंदू कामगाराचा, मोजपट्टी मालकाची

विद्यापीठातले संशोधन म्हटले की आपला समाज आदराने मान लवतो. शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही हे ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिकवले, त्याला विद्येचा आदर असणारच, आणि तो असलाच पाहिजे. पण विद्येचा आदर वेगळा आणि विद्येच्या नावाने पुढे केलेल्या प्रत्येक कागदाचा आदर वेगळा. तो कागद कोणी लिहिला, कोणाच्या पैशाने लिहिला आणि त्याचा फायदा कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही. अमेरिकेतील फुटबॉल आणि मेंदूची दुखापत या प्रकरणात हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले. त्याची किंमत हजारो खेळाडूंनी मोजली, आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या सर्वाधिक होती.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यात धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात. डोक्याला हेल्मेट असते, पण कवटीच्या आत मेंदू हलतोच. असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहिले तर मेंदूत एक विशिष्ट प्रथिन साचते, स्मृती जाते, संताप आवरत नाही, माणूस स्वतःलाच अनोळखी होतो. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर ठोशांचा असाच परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे कोणाला काही माहीतच नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

तरीही एनएफएल या अमेरिकेतील बलाढ्य फुटबॉल लीगने १९९४ मध्ये स्वतःची एक संशोधन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कोणाला दिले? मेंदूच्या तज्ज्ञाला नव्हे, तर सांधेदुखीच्या डॉक्टरला. शिवाय तो लीगमधल्याच एका संघाचा डॉक्टर होता. या समितीने २००३ पासून न्यूरोसर्जरी या नामांकित नियतकालिकात एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. त्यांचा सूर असा, की व्यावसायिक खेळाडूंना या धक्क्यांपासून कायमची इजा होत असल्याचे दिसत नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की या निबंधांच्या आकडेवारीतून शंभराहून अधिक दुखापतींची नोंदच गळाली होती. मोजणाराही मालकाचा आणि मोजपट्टीही मालकाची असली, की असेच व्हायचे.

याच काळात पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू नावाचा नायजेरियातून आलेला एक तरुण डॉक्टर शवविच्छेदनाचे काम करत होता. माइक वेबस्टर हा गाजलेला खेळाडू २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. त्याचा मेंदू ओमालूने तपासला, सूक्ष्मदर्शकाखाली विकार शोधला आणि २००५ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. लीगच्या समितीतील डॉक्टरांनी काय करावे? त्यांनी तो निबंध मागे घ्यावा अशी लेखी मागणी केली. पदरमोड करून तपासणी करणारा एक परका काळा डॉक्टर एका बाजूला आणि अब्जावधी डॉलरच्या उद्योगाचे पगारी पांडित्य दुसऱ्या बाजूला. निबंध मागे घेतला गेला नाही, आणि पुढच्या वर्षांत ओमालूचेच म्हणणे उचलून धरले गेले. बोस्टन विद्यापीठाच्या पथकाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. हे मेंदू बहुधा शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केले होते, तेव्हा सर्व खेळाडूंचे प्रमाण एवढेच असेल असे कोणी समजू नये. पण रोगच नाही असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद व्हायला हा पुरावा पुरेसा होता.

आता उद्योगांच्या लाडक्या शब्दाकडे वळू. तो शब्द म्हणजे 'नवोन्मेष'. धक्क्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा कंपन्यांनी नवे हेल्मेट पुढे केले. रिडेल कंपनीचे 'रेव्होल्यूशन' हेल्मेट २००२ मध्ये बाजारात आले. २००६ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याला पैसा रिडेलचा, लेखकांमध्ये रिडेलचाच एक कर्मचारी, आणि संशोधकांपैकी काहींची स्वतःची कंपनी अशी दुखापत ओळखण्याच्या चाचणीचे सॉफ्टवेअर विकणारी. त्या निबंधाच्या आधारे जाहिरात झाली, की या हेल्मेटने धोका ३१ टक्क्यांनी कमी होतो. मूळ आकडे पाहावेत. जुने हेल्मेट घालणाऱ्या शंभर शाळकरी खेळाडूंमागे साडेसात जणांना दुखापत, तर नवे घालणाऱ्यांत सव्वापाच जणांना. सव्वादोनचा फरक जाहिरातीत एकतीस होऊन बसला! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की हा अभ्यास तो दावा सिद्ध करत नाही. कंपनीने तोवर जाहिरात थांबवली होती म्हणून कारवाई झाली नाही. पण त्या आकड्यावर विसंबून ज्या आईबापांनी आपले पोर मैदानात पाठवले, त्यांना हा हिशेब कोण देणार?

इथवरची कथा पैशाची आहे. पुढची कथा जन्माची आहे, आणि ती आमच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

खेळाडूंनी खटले भरले. २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली, पुढे एकूण रकमेवरची मर्यादा काढण्यात आली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली. वीस हजारांहून अधिक निवृत्त खेळाडू तिच्या कक्षेत आले. स्मृतिभ्रंश झाल्याचे सिद्ध केले तर भरपाई. पण सिद्ध कसे करायचे? आकलनाच्या चाचण्या घ्यायच्या आणि खेळाडू पूर्वीच्या पातळीवरून किती खाली आला ते पाहायचे. पूर्वीची पातळी मात्र कागदावर नव्हती, ती अंदाजाने धरायची होती. हा अंदाज धरताना कातडीचा रंग पाहिला गेला. कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मुळातच थोडी कमी, असे गृहीत धरणारी मोजपट्टी वापरली गेली. म्हणजे एक गोरा आणि एक काळा खेळाडू यांना अगदी सारखे गुण मिळाले, तर गोरा आजारी ठरायचा आणि काळा धडधाकट! 'तुझे काही गेलेच नाही, तुझ्याकडे होतेच कुठे?' असा त्या हिशेबाचा अर्थ होता. केविन हेन्री आणि नजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी त्यांचा दावा फेटाळला गेला, पण न्यायाधीशांनी मध्यस्थीचा आदेश दिला. खेळाडूंच्या कुटुंबांनी ओरड केली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि जून २०२१ मध्ये एनएफएलला ही पद्धत सोडण्याचे कबूल करावे लागले. २०२२ मध्ये नव्या नियमांना न्यायालयाची मान्यता मिळाली. रंग बाजूला ठेवून गुण पुन्हा मोजले, तेव्हा शेकडो कृष्णवर्णीय खेळाडूंचे निकाल बदलले.

या मोजपट्टीची बाजू घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, ही पद्धत मुळात कृष्णवर्णीयांच्या भल्यासाठी काढली होती. चांगल्या शाळा ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांना चाचणीत कमी गुण पडतात, आणि निरोगी माणसावर रोगाचा शिक्का बसतो, तो टाळायचा होता. हे खरे धरले तरी आमचा प्रश्न उरतोच. फरक शाळेमुळे पडत असेल तर शाळा मोजा, शिक्षणाची वर्षे मोजा, कातडी का मोजता? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीयांसाठी मेंदूच्या चाचण्यांचा संच केला, त्यात वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार निकष ठरवले. जन्माचे खाते न उघडताही शास्त्र चालते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. आणि जी सूट दवाखान्यात रुग्णाला जपण्यासाठी दिली, तीच भरपाईच्या टेबलावर त्याचा खिसा कापायला वापरली, तर तिला भले कसे म्हणावे? आधी शाळा नाकारायची, मग शाळा नाकारल्यामुळे जे कमी पडले ते जन्मजात म्हणून लिहायचे आणि शेवटी त्याच नोंदीवर हक्काचा पैसा नाकारायचा. एकाच अन्यायाचे तीनदा वसूल केलेले हे व्याज आहे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीत इतके साम्य आहे, की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यक वाटतो, असा त्याचा आशय होता. आम्ही तेच करत आहोत. जन्मावरून बुद्धी ठरवणारे शास्त्र कधी पोथीतून येते, कधी संगणकाच्या तक्त्यातून. तक्त्यातून आलेले ओळखायला अधिक जड जाते, एवढाच फरक.

हा प्रश्न उद्या आपल्या दारात येणार आहे. २०२३ च्या कायद्याने आपल्याकडे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे, आणि त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून यावेत, असे सरकारने सांगितले. उद्योगांनी संशोधनाला पैसा द्यावा, याला आमचा विरोध नाही. पण अमेरिकेचा धडा समोर आहे. एनएफएलने २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला ३ कोटी डॉलर देऊ केले, आणि काम न आवडणाऱ्या संशोधकाकडे अभ्यास गेला तेव्हा तो रोखण्याचा प्रयत्न केला, असा ठपका काँग्रेसच्या समितीतील डेमोक्रॅटिक सदस्यांच्या २०१६ च्या अहवालात आहे. तो १.६ कोटी डॉलरचा अभ्यास शेवटी सरकारी पैशाने करावा लागला.

म्हणून आमच्या मागण्या आताच मांडून ठेवतो. पैसा देणाऱ्याला संशोधक निवडण्याचा किंवा निष्कर्षाला हात लावण्याचा अधिकार नसावा. मूळ आकडे सर्वांना पाहायला खुले असावेत. ज्यांच्या शरीरावर संशोधन होते, ते कामगार असोत की खेळाडू, त्यांचे प्रतिनिधी देखरेख समितीत असावेत. आणि भरपाईचा कोणताही हिशेब जात, धर्म वा वंश पाहून होऊ नये. आमच्या विद्यापीठांतील संशोधक तरुण-तरुणींनी या चारही गोष्टी आपल्या मार्गदर्शकाला निर्भयपणे विचाराव्यात. ओमालूच्या पाठीशी ना संस्था होती, ना पैसा. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते त्याने लिहिले, आणि मागे घ्या म्हटल्यावर मागे घेतले नाही. आपल्या पोरांकडूनही आमची एवढीच अपेक्षा आहे.