‘पुराव्याअभावी’ म्हणण्याआधी

अंबरनाथला संध्याकाळी मी बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. उल्हासनगरची, बदलापूरची मुलंही लोकलने येतात. गेल्या महिन्यात ‘एव्हिडन्स’ या शब्दाच्या जोड्या घेतल्या. म्हणजे त्याच्याबरोबर कोणती विशेषणं चालतात, कोणती क्रियापदं बसतात. फळ्यावर यादी झाली: स्ट्राँग एव्हिडन्स, सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स, एव्हिडन्स सजेस्ट्स, लॅक ऑफ एव्हिडन्स. शेवटच्या जोडीवर एका मुलाने वाक्य केलं: ट्रेनमध्ये बॉम्ब ठेवणारे लॅक ऑफ एव्हिडन्समुळे सुटले.

मुलगा आपल्याच मोहल्ल्यातला. व्याकरणात चूक नव्हती. वाक्य मात्र खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मित्रांनो, हा राग त्या मुलावर नाही. त्याने हे वाक्य टीव्हीवरून उचललं. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसं गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. एकजण तुरुंगातच वारला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. एकोणीस वर्षांनी. त्या संध्याकाळी पडद्यावर फिरत होतं ते ‘पुराव्याअभावी सुटका’.

पुराव्याअभावी म्हणजे काय? ऐकणाऱ्याला कळतं ते असं: केलं यांनीच, फक्त कागद कमी पडले. न्यायालयाने असं म्हटलंच नव्हतं. सरकार पक्षाने पुरावा भरपूर आणला होता. न्यायालयाने तो उलटसुलट करून पाहिला आणि तो विश्वास ठेवण्याजोगा नाही असं सांगितलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं मान्य केलं, त्यांतले काही मजकूर एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे होते. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं ते घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला नोंदीवर आणता आलं नाही. याला इंग्रजीत ‘अनरिलायबल एव्हिडन्स’ म्हणतात. ‘लॅक’ आणि ‘अनरिलायबल’ यांत फक्त एका शब्दाचं अंतर आहे, पण सुटून आलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळणार की नाही, बहिणीचं लग्न ठरणार की नाही, हे त्या अंतरात ठरतं. (सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. हेही सांगायला हवं, अर्धं सांगणं हा तर आपलाच आक्षेप आहे.)

यात मराठीचीही थोडी अडचण आहे. इंग्रजीत ‘एव्हिडन्स’ वेगळा आणि ‘प्रूफ’ वेगळं. आपण दोन्हींना पुरावाच म्हणतो. त्यामुळे ‘पोलिसांकडे पुरावा आहे’ हे वाक्य आपल्या कानाला ‘गुन्हा सिद्ध झाला’ असंच लागतं. उल्हासनगरच्या मुलांना मी ‘मेड इन यूएसए’चा दाखला देतो. इथल्या मालावरच्या त्या शिक्क्याचा खरा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद त्यांनी आजोबांकडून ऐकलेला असतो. शिक्का आहे, म्हणजे एव्हिडन्स आहे. माल अमेरिकेतला आहे का, ते शोधायचं बाकी आहे. खरं तर दुसऱ्या गोष्टीसाठी जुना शब्द आपल्याकडे आहे: शाबीत. अरबीतल्या साबितवरून आलेला. फिर्याद, कबुलीजबाब, मुद्देमाल हे शब्दही अरबी-फारसीतून येऊन मराठी कोर्टात ठाण मांडून बसले आहेत. आरोप झाला, पुरावा आला, गुन्हा शाबीत झाला किंवा नाही झाला, या तीन पायऱ्या आहेत. वृत्तवाहिन्या पहिलीवरून तिसरीवर उडी मारतात.

आता आपल्याकडे वळू, कारण इथे आपणही स्वच्छ नाही. त्याच निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपी सुटले. त्या स्फोटात सहाजण मेले होते. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण बॉम्ब त्या मोटारसायकलवरच ठेवला होता हे सिद्ध झालं नाही, आणि संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं विशेष न्यायालय म्हणालं. आपल्या ग्रुपवर काय आलं? ‘पुरावे असून सोडले.’ दहा दिवसांपूर्वी ‘वाजवी संशयापलीकडे’ हे शब्द आपल्याला फार प्रिय होते. निकालावर टीका जरूर करा. तपासात कुठे पाणी मुरलं ते विचारा, अपिलाची मागणी करा, मालेगावच्या त्या सहा घरांना न्याय कोण देणार हे ओरडून विचारा. पण निकालपत्राचं एक पानही न उघडता आरोपीच्या नावावरून मोजपट्टी बदलणार असू, तर टीव्हीवाल्यांना बोलायचा आपला हक्क संपतो. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची खातरजमा करायला सांगितलं आहे. बातमी आपल्या बाजूची असेल तर सूट, असं तिथे म्हटलेलं नाही.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. तो संताप खरा होता, माझ्या वर्गातल्या मुलींचाही होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्याने पिस्तूल हिसकावलं, आम्ही स्वसंरक्षणात गोळी झाडली. मुंबईत ‘बदला पुरा’ अशी पोस्टर लागली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात आला: पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत, पाच पोलीस मृत्यूला जबाबदार. हा अहवाल म्हणजेही शेवटचा निकाल नव्हे, इथेही तीच मोजपट्टी. पण माझा प्रश्न त्या दोन मुलींविषयी आहे. त्यांच्या बाजूचा पुरावा या आरोपीविरुद्ध कोर्टात कधी तपासलाच जाणार नाही. ‘शाबीत’ हा शब्द त्यांच्याकडून गोळीने हिरावून घेतला, आणि त्यावर पेढे वाटले गेले. आपल्यातलेही काही ते खात होते. आरोपी आपला नव्हता ना!

‘बर्डन ऑफ प्रूफ’ ही जोडी मी मुद्दाम शेवटी घेतो. जो आरोप करतो त्याने सिद्ध करायचं, इतका साधा तिचा अर्थ. गोवंश हत्याबंदीच्या कायद्यात २०१५ साली ९-ब हे कलम घालून हे ओझं आरोपीच्या डोक्यावर टाकलं होतं. ६ मे २०१६ रोजी उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण हे कलम घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाच्या बाहेर मात्र ते अजून चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्येच धुळ्याहून येणाऱ्या एक्सप्रेसमध्ये, लेकीकडे कल्याणला निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला बरणीतल्या मांसावरून मारहाण झाली. डब्यातल्या पोरांनी विचारलं, हे काय आहे? आणि तो बिचारा सांगत बसला.

यावर वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, मग त्यांनी काय म्हणायला हवं होतं?” डब्यात एकट्या पडलेल्या सत्तरीच्या माणसाला मी कोणतं वाक्य शिकवणार? तिला म्हटलं, त्यांनी काहीच म्हणायला नको होतं. बोलायला हवं होतं शेजारच्या बाकावरच्यांनी.

त्या मुलाने वाक्य दुरुस्त करून आणलं: सरकार पक्ष गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करू शकला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. इंग्रजीतही नीट लिहिलं होतं. “पण सर, हे स्टेटसला फार लांब होतं,” म्हणाला. होतंच. मी त्याला दोन्ही निकालपत्रं शोधून ठेवायला सांगितली आहेत, मुंबईचं आणि मालेगावचं.